पाणी न पिण्याची तयारी

बर्फात तंबू ठोकून एक रात्र काढायची, हे खूळ माझ्या नणंदेचं. नंदुरबारजवळ कोरीटला तिची कापसाची शेती. जन्मभर घाम पुसला, आता एकदा तरी कुडकुडायचंय, असं म्हणायची. मी शाळेत मास्तरीण, म्हणून नियोजन माझ्या गळ्यात. नवऱ्याने ‘दोघी वेड्या’ म्हणून हात झटकले.

सरावासाठी डिसेंबरात तोरणमाळला तंबूत झोपलो. बर्फात सुती कपडे चालत नाहीत, घामाने ओले झाले की ओलेच राहतात, असं मी सांगितलं. कापूस पिकवणाऱ्या बाईला ते जिव्हारी लागलं. झोपायचे मोजे वेगळे, कोरडे ठेवायचे, हे मात्र पटलं. ते तिने सोवळ्यासारखे जपले, मलाही शिवू देईना.

तालीम फक्कड झाली. फक्त बाईने दुपारनंतर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मला ते खटकलंच नाही, कारण मीही घेतला नव्हता. आमच्याकडे बाई प्रवासाला निघाली की पाणी बंद. एसटी असो, जीप असो, वऱ्हाडाचा ट्रक असो. पुरुष हव्या त्या झाडामागे उभे राहतात आणि आम्ही ओठ चाटत बसतो. याला म्हणे वळण. डोंबलाचं वळण!

मग पोरासोरांच्या एका तुकडीबरोबर हिमाचलात गेलो. तिथे प्रशिक्षक मुलीने बजावलं, तहान नसली तरी पाणी पीत राहा, आणि डोकं दुखलं तर लपवू नका, उंचीवर ते जिवावर बेततं. जोडीदाराने जोडीदारावर लक्ष ठेवायचं. नणंदेने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

वर पोचल्यावर बर्फ तुडवून, सपाट करून तिने सगळ्यांच्या आधी तंबू उभा केला. पोरासोरांनी टाळ्या वाजवल्या. मग ती गप्प बसून राहिली. सूप पुढे केलं तर नको म्हणाली.

“वैनी, मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं. कोनले सांगू नको.”

“पानी पिधं का?”

“सकायले चहा पिधा ना!”

तिची बाटली काठोकाठ भरलेली होती.

“रातले बरफमा कोठे जासू मी, सगळासमोर?”

“मरशी ना, मरशी!” मी एवढ्या जोरात ओरडले की सगळा तळ वळून बघायला लागला. तिने माझा हात घट्ट धरला, पण मी प्रशिक्षक मुलीला बोलावलंच.

मुलीने तिला सरळ रेषेत चालायला सांगितलं. नणंद झोकांड्या खायला लागली. आता नुसतं पाणी पाजून भागणार नाही, म्हणाली मुलगी, अंधार पडायच्या आत खाली उतरायचं. वाटाड्या आणि जोडीदार म्हणून मी, असे तिला धरून उतरलो. पायथ्याच्या गावात पोचेपर्यंत तिची डोकेदुखी बरीच उतरली. आपण मेलो नाही हे कळल्यावर ती रडायला लागली.

“मन्हा तंबू वर शे वं.”

मला रागही आला आणि गलबलूनही आलं. असल्या टुकार लाजेपायी बाईची आयुष्यातली एक रात्र गेली. कोरडे मोजे घडीसकट घरी आले.

पुढे आम्ही तळोद्याचं लग्न आटोपून जीपने नंदुरबारला निघालो. सगळी गाडी बायकांनी खचाखच भरलेली. निघण्याआधी नणंद सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. एक म्हातारी तिच्याकडे टकामका बघत राहिली. गाव मागे पडल्यावर थोड्या वेळाने नणंदेने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली.

“दादा, गाडी थांबाड.”

“काय जयं मावशी?”

“माले मुताले जानं शे.”

ड्रायव्हरचे कान लाल झाले, पण त्याने गाडी कडेला घेतली. नणंद पदर खोचून उतरली आणि उसाच्या शेताकडे निघाली. तिच्यामागून मी उतरले, आणि माझ्यामागून, त्या म्हातारीसकट, गाडीतली एकूण एक बाई.