डोंगराच्या दोन अंगांचे मासे

आप्पांच्या खोलीच्या खिडकीत अकरा बाटल्या उभ्या असत, आणि दुपारी तीनच्या सुमारास ऊन त्या बाटल्यांतून आरपार जाऊन समोरच्या भिंतीवर पिवळसर, हलत्या पाण्यासारखे पट्टे उमटवी. प्रत्येक बाटलीत स्पिरिटमध्ये बुडालेले बोटाएवढे मासे, आणि त्यांच्या सोबतीला बुडालेली कागदाची एकेक चिठ्ठी. खोलीत स्पिरिटचा तो गोडसर, नाकाला झोंबणारा वास, कपाटातल्या पुस्तकांचा दमट वास, आणि दाराशी टांगलेल्या आप्पांच्या कोटाला येणारा खडूचा वास... आजही कुठल्या दवाखान्यात स्पिरिटचा वास आला की आधी तो कोट आठवतो, मग त्या बाटल्या, आणि सर्वांत शेवटी, आठवायला नको असताना, गंगू.

आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावात कॅम्पमधल्या एका शाळेत ते शास्त्र शिकवत. आई मी चार वर्षांची असताना गेली; घर सांभाळायला विधवा आत्या आली, तिनं मला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, पण माझं सारं जग आप्पाच होते. शाळेतून आल्यावर ते पाय धुऊन बसले की मी त्यांच्या मांडीला टेकून बसायची, आणि दिवसभरात मनात साठलेले सगळे प्रश्न त्यांच्यासमोर ओतायची. त्यांच्या प्रेमात वाटेकरी असू शकतो, हे बाराव्या वर्षापर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

लोंढ्याला उतरून बैलगाडीनं दोन तास गेलं की एका वाडीत आमचं थोडं भातशेत होतं. ते गंगूचे वडील कसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत आम्ही तिथं जाऊन राहायचो. वाडीच्या पाठीशी एक लांबट डोंगर होता, दाट झाडीचा. त्याच्या अलीकडच्या अंगाला उतरणारं पाणी मलप्रभेला मिळून, कृष्णेतून, पूर्वेच्या समुद्राला जातं. पलीकडच्या अंगाचं पाणी गोव्याकडं, पश्चिमेच्या समुद्राला. एकाच माथ्यावर पडलेले दोन थेंब असे जन्माचे दुरावतात, हे आप्पांनी मला तिथंच उभं राहून दाखवलं होतं. दोन्हीकडच्या ओढ्यांत दगडाला पोटानं घट्ट धरून राहणारा एक लहानसा मासा होता. वाडीतली मुलं त्याला चिकट्या म्हणत.

गंगू माझ्याच वयाची. काळीसावळी, ओल्या परकराचा काचा मारून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राही, दगडाखाली हात घाली, आणि डोळे मिटून, जणू कुणाचा तरी हात शोधत असल्यासारखी, मासा ओंजळीत घेऊन वर येई. मला ते कधीच जमलं नाही. माझ्या हातात यायचा तो नुसता गारवा आणि चिखल.

एका सुट्टीत तिनं दोन ओंजळी आप्पांपुढं धरल्या आणि म्हणाली, "आप्पा, ह्यो आन् त्यो येक न्हवं."

आमच्या भागात कुणाही वडीलधाऱ्याला आप्पा म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तरी तिच्या तोंडून ती हाक ऐकली की मी मान फिरवून घेई.

आप्पा हसले. "एकच आहे गं. थोडा रंगात फरक."

"न्हाय. ह्यो अल्याडचा, हेचे पट्टे रुंद. पल्याडच्याचे बारीक आन् लई. दोनी येका डबऱ्यात सोडलंतं म्या, म्हैनाभर बघिटलं. अल्याडचा अल्याडच्याशीच जोडी लावतो, पल्याडच्याकडं ढुंकून बघत न्हाय."

आप्पा तिथंच ओढ्याकाठी, धोतर भिजेल याची पर्वा न करता, खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पूर्वी फक्त माझ्यासाठी उमटलेलं पाहिलं होतं — मी पहिलं अक्षर गिरवलं तेव्हा, मी पहिल्यांदा पाढा न चुकता म्हटला तेव्हा. त्या घटकेपासून माझं आणि गंगूचं, तिला पत्ताही नसताना, वैर सुरू झालं.

त्या संध्याकाळी अंगणात बसून आप्पा समजावून सांगत होते. फार फार पूर्वी, आपले पणजे-खापरपणजेही नव्हते त्याच्या कितीतरी आधी, हा मासा बहुधा एकच असेल. मग पाण्याच्या वाटा तुटल्या, काही अलीकडं राहिले, काही पलीकडं. दोन्हीकडं पिढ्यामागून पिढ्या थोडाथोडा फरक साचत गेला, इतका की आता समोरासमोर आणले तरी ते एकमेकांना आपले मानत नाहीत. अशी नवी जात तयार होते.

मी विचारलं, "म्हणजे पलीकडच्या माशांनी ठरवलं, की आपण वेगळं व्हायचं?"

"मासा काही ठरवत नाही, शांता. मनात आणून कुणी बदलत नाही. पिलं सगळी सारखी नसतात. ज्याला त्या पाण्यात तग धरता येतो त्याचीच पुढं पिलं होतात. आणि एकटा मासाही बदलत नाही, बदलतं ते कुळ."

"आमच्या भातावानी," गंगू म्हणाली. "मावशीनं आमचंच बी नेलंतं, तिच्या गावाला. लई सालं झाली. आता तिचं भात आमच्यात पेरलं तर येगळंच दिसतंय."

"बरोबर," आप्पा म्हणाले. "अगदी बरोबर पकडलंस."

आत्या वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "माणूस माकडापासून झाला म्हणतोस, तेही असंच का? मग देवळापाशी बसतात ती अजून माकडंच कशी राहिली?"

"माकडापासून नव्हे गं आक्का. माकडांचं आणि आपलं मूळ एक. ती आपली आजी नव्हेत, लांबची भावंडं आहेत."

"पण आपण वरचे ना?" मी विचारलं. माझी नजर गंगूच्या चिखलानं भरलेल्या पायांवर होती. आप्पांनी ती पाहिली असावी, कारण ते माझ्याकडं वळून म्हणाले, "यात वर-खाली नसतं. ही शिडी नव्हे. फांद्या फुटतात, एवढंच."

मला तेव्हा ते आवडलं नाही. मला शिडी हवी होती, आणि मी वरच्या पायरीवर हवी होते.

पुढची दोन वर्षं गंगू मासे धरी, दिवस आणि ठिकाण सांगे, आणि माझ्या वाट्याला चिठ्ठ्या आल्या. माझं अक्षर वळणदार होतं. स्पिरिटमध्ये शाई पसरते म्हणून शिसपेन्सिलीनं मी लिहायची — 'डोंगराची पूर्व बाजू', 'डोंगराची पश्चिम बाजू'. स्पिरिटमध्ये माशांचे पट्टे हळूहळू फिके होतात, मासे पांढुरके पडतात. साध्या डोळ्यांना कुठला कुठला ते सांगायला ती चिठ्ठीच उरते. आप्पांनी हे मला फार विश्वासानं सांगितलं होतं. जेवताना मात्र बोलणं गंगूचं — गंगूची नजर, गंगूची चिकाटी, गंगूला शाळेत घालायला हवं, तिच्या वडिलांशी बोलतो... माझा पहिला नंबर आला त्या दिवशीही त्यांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "छान. गंगूला ही संधी मिळती तर."

कलकत्त्याच्या एका मोठ्या संग्रहालयाकडं बाटल्या पाठवायच्या असं ठरलं. तिथले जाणकार माशांचे खवले, कल्ले, शेपटीची ठेवण भिंगाखाली तपासणार होते, आणि आप्पांनी त्यांना लिहिलेल्या पत्रात गंगूचं नाव घातलं होतं. मी ते पत्र वाचलं. त्यात चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मुलीचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेत होते, आत्या माजघरात पडली होती. रस्त्यावरून कल्हईवाल्याची हाक येत होती. मी खिडकीशी उभी राहिले, सहा बाटल्या पाठवण्यासाठी वेगळ्या काढलेल्या होत्या. चिमट्यानं एका पूर्वेच्या आणि एका पश्चिमेच्या बाटलीतल्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकमेकींत घातल्या. बुचं पुन्हा बसवली. बोटांना स्पिरिटचा गारवा लागला होता. मला भीती वाटली नाही, आनंदही झाला नाही. खूप दिवस दुखणारा दात पडावा तसं काहीसं वाटलं.

उत्तर यायला चार महिने लागले. आप्पांनी ते उभ्यानंच वाचलं. दोन्ही बाजूंच्या बाटल्यांत दोन्ही प्रकारचे मासे आढळतात. तेव्हा डोंगरानं त्यांना विभागलं आहे हे म्हणणं टिकत नाही, किंवा मासे गोळा करणाऱ्याकडून सरमिसळ झाली असावी — असा त्याचा आशय होता.

दिवाळीत आम्ही वाडीला गेलो. आप्पांनी आवाज न चढवता विचारलं, "गंगू, कधी घाईत मिसळले का गं मासे?"

"न्हाय, आप्पा."

"एखाद्या वेळी?"

ती माझ्याकडं नव्हे, ओढ्याकडं पाहून पुन्हा म्हणाली, "न्हाय."

"बरं," आप्पा म्हणाले. त्या 'बरं'मध्ये जे होतं ते मला कळलं, तिलाही कळलं. त्या सुट्टीत त्यांनी तिला मासे आणायला सांगितलं नाही. ती दोन दिवस अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली, तिसऱ्या दिवशी आली नाही. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झाल्याचं कळलं. शाळेचं बोलणं अर्थातच राहिलं.

आप्पा पुन्हा माझे झाले होते. संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसे, ते वर्तमानपत्र वाचत, आणि खिडकीतल्या बाटल्यांवर धूळ साचे. एकदा आत्यानं बाटल्या फेकू का विचारलं, तर म्हणाले, "फेक. पोरीवर विसंबलो, चूक माझीच. तिला तरी काय बोल लावायचा."

मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. कल्हईवाल्याची हाकसुद्धा सांगितली.

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते कुठंतरी गेले, दिवेलागणीला परतले. खानापुरात काम होतं, एवढंच म्हणाले; पुढंही अधूनमधून तसं काम निघे. त्यांनी कलकत्त्याला खुलासा लिहिला. तिकडून कळलं, नवे नमुने पाठवा. मग युद्ध सुरू झालं, आणि ते राहत गेलं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत, पण त्यानंतर कुठलीही चिठ्ठी, कुठलाही कागद, त्यांनी मला लिहायला दिला नाही. युद्ध संपण्याआधी ते गेले.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी लोंढ्याच्या फलाटावर, गाडीची वाट पाहत असताना, एका बाईनं माझ्या खांद्याला हात लावला. कडेवर मूल, हातात पडवळांची जुडी. गंगू. तिनं आधी आप्पांची चौकशी केली. मी सांगितलं. ती खाली बसली, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाली, "बा गेला, म्हायेर सुटलं, मला कुणी सांगितलंच न्हाय. दोन सालं आले न्हाईत, तवा वाटलं तब्येत बरी नसंल."

"कुठं आले नाहीत?"

"आमच्या घरला. लग्न झाल्यावर आलते की. उंबऱ्यात बसून म्हणाले, गंगू, तुझं बरोबर व्हतं, चूक आमच्या घरात झाली. कुणाची ते सांगितलं न्हाय, म्या बी इचारलं न्हाय. मग दर सालाला यायचे. आमचे मालक बी संगं असायचे. सगळी वढ्यावर जायचो, आप्पा मासे बघायचे, आन् सोडून द्यायचे. लई हसायचे."

घरी आप्पा फारसे हसत नसत, त्या शेवटच्या वर्षांत.

चूक माझी होती हे तिला सांगायची यापेक्षा चांगली वेळ आली नसती. शब्द ओठांपर्यंत आले होते. गाडी यायला अवकाश होता, ती बोलत होती, मूल पडवळाशी खेळत होतं... आणि मी मात्र मनाशी मोजत बसले होते, की 'खानापुरात काम आहे' असं सांगून आप्पा एकंदर किती वेळा घराबाहेर पडले. गाडी आली. गंगूनं मला आत चढायला हात दिला. मी खिडकीशी बसले, आणि तिला काहीही न सांगता निघून आले.