सत्तावीस नंबरचा ब्रेक

मिस्त्रींना बोलतं करायची वेळ कुणावर कधी आली नाही. गप्प कसं करायचं, एवढाच प्रश्न असायचा. जुन्या बस डेपोच्या शेडमध्ये वाहतूक संग्रहालय सुरू झालं, तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी दहाच्या ठोक्याला निळा डगला चढवून हजर. पगार नाही, मानधन नाही. निवृत्त फिटर घरी बसला की धड चाललेले पंखे खोलून ठेवतो, म्हणून लेकीनेच त्यांना इथे आणलं होतं. लेक संग्रहालयाची व्यवस्थापक. स्वतःच्या पोटची पोर आपली साहेब झाली, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला दोनदा तरी सांगत.

जुन्या टोप्या आणि शिट्ट्या बघायला कोण कडमडणार आहे, असं सुरुवातीला सगळेच म्हणाले होते. पण लोक आले. कुणी आजोबांचा बिल्ला आणून दिला, कुणी पासावरचा मिसरूड फुटतानाचा फोटो. शाळा सहली आणू लागल्या. मग लेकीने दर बुधवारी आणखी एक गोष्ट सुरू केली. ज्यांची आठवण हळूहळू पुसत चालली आहे अशा म्हाताऱ्यांना घरचे घेऊन यायचे, गाडीत बसवायचे आणि घंटेची दोरी ओढायचे. घरात सुनेला न ओळखणारी आजी घंटा ऐकून हातातली पिशवी सावरायची आणि म्हणायची, मला दवाखान्यापाशी उतरायचंय. बरोबर आलेली माणसं तिथेच डोळे पुसायची.

शेडच्या मधोमध उभी होती सत्तावीस नंबरची गाडी. पुढचा पत्रा चेपलेला, दिवा फुटलेला, मुद्दाम तसाच ठेवलेला. बाजूला पाटी: 'उतारावर चालकास डुलकी लागल्याने ही गाडी टपाल कार्यालयाच्या भिंतीवर आदळली. नऊ प्रवासी जखमी.' पाटीतला मजकूर मिस्त्रींनीच सांगितलेला. ही गाडी म्हणजे त्यांची हुकमी गोष्ट होती. ते स्टिअरिंगवर मान टाकून घोरून दाखवायचे, दचकून उठायचे, आणि पोरं हसून हसून लोळायची. त्या ड्रायव्हरला गावाने तेव्हापासून 'डुलकी'च म्हटलं, हेही ते चवीने सांगायचे.

दुसरी गंमत पिनांची. ब्रेकच्या दांड्यातला खिळा निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला एक छोटी दुमडती पिन घालतात. गाडीखाली उताणं पडून काम करताना फिटर त्या पिना ओठांत धरायचे. एकेक काढायची, घालायची, दुमडायची. तोंड रिकामं झालं की काम संपलं, हीच मोजणी, त्यापुढे तपासणी नाही. पोरांपुढे मिस्त्री चार पिना ओठांत धरून 'हूं हूं' करत बोलून दाखवायचे.

त्या बुधवारी एक बाई नवऱ्याचा हात धरून आत आल्या आणि मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा म्हणजे डुलकी. एके काळी दोघं एका डब्यात जेवायचे. अपघातानंतर चौकशी झाली, मिस्त्रींनी जबाब दिला की ब्रेक मी स्वतः केला होता, त्यात दोष नव्हता. डुलकीची नोकरी गेली, लायसन्स गेलं. त्यानंतर मिस्त्री त्याला दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा, वेळेवर झोपत जा रे बाबा, असा फुकटचा सल्ला देऊन आले. आता त्याला पाटी दिसू नये म्हणून ते तिच्यापुढे पाठ करून उभे राहिले. तेवढीच लाज शिल्लक होती म्हणायची.

वहिनी म्हणाल्या, दोन वर्षं झाली, एक शब्द नाही. इथे लोक बोलायला लागतात असं ऐकलं. लेकीने डुलकीला धरून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. त्याचे हात आपसूक स्टिअरिंगवर गेले. पायाने ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबला. मग खिडकीतून खाली मिस्त्रींकडे बघत तो अगदी हलक्या आवाजात बोलला.

"मिस्त्री, खाली वाकून बघू नकोस. पिनच नव्हती रे त्यात. चौकशीचे साहेब यायच्या आत मी तार घातलीय. डोळा लागला म्हणून सांगतो मी. तू घरी जा, तुला मुलगी झालीय."

मिस्त्री हसायला गेले. हसू आलंच नाही. ते पायरी धरून मटकन खाली बसले. तार! अहो, ती तार त्यांनी पाहिली होती. संग्रहालय सुरू झाल्यापासून अकरा वर्षं दर महिन्याला गाडीखाली जाऊन ते तिला तेल लावत होते आणि कुण्या अडाण्याने पिनेच्या जागी तार पिळलीय म्हणून शिव्या घालत होते. त्या काळी निम्म्या गाड्या तारेवरच चालायच्या, म्हणून मनात दुसरं काही आलंच नव्हतं.

आणि मग तो दिवस लख्ख समोर आला. ते गाडीखाली, ओठांत पिना. बाहेरून कुणीतरी ओरडलं, मिस्त्री, मुलगी झाली! त्यांनी 'हूं' केलं नव्हतं. त्यांनी आनंदाने भलंमोठं तोंड उघडलं होतं. पिना कुठे पडल्या हे पाहिलंही नाही. बाहेर आले तेव्हा तोंड रिकामं होतं, म्हणजे काम झालेलं होतं. कागदावर सही ठोकली आणि धावत सुटले. गाडी आदळली तेव्हा ते रजेवर होते, आठ दिवसांच्या. परत आले तोवर गाडी मागच्या अंगणात ढकललेली आणि दोस्त घरी बसलेला. नऊ माणसांची हाडं मोडली ती आपल्या हाताने, आणि आपण एवढी वर्षं घोरून दाखवत होतो!

लेक शेजारीच उभी होती. ती मुलगी म्हणजे आपण, हे तिला सांगावं लागलं नाही. "बाबा," एवढंच ती म्हणाली. नाही म्हणा, असंच तिला म्हणायचं होतं. मिस्त्रींनी मान खाली घातली.

वहिनी मात्र रडल्या नाहीत. त्या गाडीला वळसा घालून पाटीपाशी गेल्या, ती पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली आणि परत आल्या.

"भावजी, मी या माणसाला दुपारी कधी पडू दिलं नाही. डोळा लागला की हलवून उठवायचे, टोमणे मारायचे. एक नोकरी झोपेत घालवलीत, अजून पोट भरलं नाही का, म्हणायचे. त्याने मलासुद्धा सांगितलं नाही. पोराची शाळा सुटली तरी सांगितलं नाही."

मिस्त्री हात जोडायला गेले. वहिनींनी झटकन तोंड फिरवलं. माफी मला नको, म्हणाल्या. जी गोष्ट इतकी वर्षं गावाला सांगितलीत, ती आता खरी सांगा, आणि यांच्यासमोर सांगा. यांना ऐकू येतंय तोवर.

पाटी त्याच दिवशी उतरली. नव्या पाटीवर फिटरची चूक म्हणून लिहिलं, खाली मिस्त्रींचं पूर्ण नाव घातलं. लेकीने एकदाच विचारलं, नाव घालायलाच हवं का? मिस्त्री म्हणाले, जुन्या पाटीवर 'डुलकी' होतंच ना. जखमींपैकी एक मास्तर अजून हयात होते. मिस्त्री त्यांच्या घरी जाऊन आले. मास्तरांनी आपला वाकडा हात दाखवला आणि दार लावून घेतलं.

पुढच्या बुधवारी शेड भरलेली होती. डुलकीला पुढच्या बाकावर बसवलं होतं, शेजारी वहिनी. मिस्त्री उभे राहिले. पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं: पिना, उघडलेलं तोंड, सही, तार, जबाब. डुलकी पुढे झुकून ऐकत होता, अगदी मन लावून, लहान मूल ऐकतं तसा. कुणीही हसलं नाही.

मिस्त्री थांबले. डुलकीने वहिनींकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. समोरचा माणूस कोण, हे त्याला कळत नव्हतं, पण गोष्ट अर्धवट राहिल्यासारखी वाटत असावी.

"भला माणूस दिसतो तो ड्रायव्हर," तो म्हणाला. "मग त्याचं पुढे काय झालं?"

वहिनींनी पहिल्यांदाच मिस्त्रींच्या डोळ्यांत थेट पाहिलं आणि त्या वाट बघत राहिल्या. मिस्त्री त्याच्यासमोर खाली फरशीवर बसले आणि सांगायला लागले.