कंपनीचा की मार्केटचा

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यात यांनी मला विचारून केलेल्या गोष्टी मोजायला एका हाताची बोटं पुष्कळ झाली. धायरीतला फ्लॅट घेतला तेव्हा मला एकदम चावीच दाखवली. मुलीचं स्थळ पक्कं केलं तेव्हा पोहे किती जणांचे करायचे एवढं सांगितलं. गाडी घेतली तेव्हा तर थेट हार आणायला पिटाळलं. माणूस वाईट नाही हो. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. पण बायकोला काही कळत असेल हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नाही. एक विषय सोडून. गाडीचा ऑइल फिल्टर.

कारण मी फिल्टरच्या कारखान्यात आहे. सातारा रस्त्याला, कंपनीच्या बसने पाऊण तास. एकोणीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. फिल्टर उचलायचा, कडेच्या रबरावरून बोट फिरवायचं, आटे बघायचे, डब्यात घालायचा आणि डब्यावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. दिवसाला असे किती, ते विचारूच नका. घरी येऊन कणीक मळताना बोटं आपोआप कडेकडेने फिरतात.

हे आयटीवाल्यांची ने-आण करतात. गाडी आमची, ड्युटी कंत्राटदाराची. गाडी इतकी पळते की दर तीन महिन्यांनी ऑइल बदलावं लागतं, आणि ऑइलबरोबर फिल्टर. गाडीच्या कंपनीचं नाव असलेल्या डब्यातला घ्यायचा, की दुकानात निम्म्या किमतीत मिळतो तो मार्केटचा, यावर ड्रायव्हर मंडळींत रोज वाद. एकदा जेवताना यांनी सहज विचारलं, "काय गं, तू तिथे आहेस, खरंच फरक असतो का?"

मला! मी पोळी तव्यावर तशीच विसरले. म्हटलं, "अहो, दोन्ही आमच्याकडेच बनतात. तीच लाइन, तोच कागद, तेच रबर. शेवटी छापतात ते नाव तेवढं वेगळं. नावाचे पैसे कशाला देता?"

आणि ते खरंच होतं. मी रोज डोळ्यांनी बघत होते. हे "बरं" म्हणाले आणि तेव्हापासून मार्केटचाच आणायला लागले. वर पुलापाशी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं, माझी मिसेस तिथे तपासणीला आहे, बिनधास्त घ्या. हे मला त्यांच्याच एका सोबत्याच्या बायकोकडून कळलं. वरवर मी "हो का" म्हटलं, पण आतून काय फुगले होते म्हणून सांगू. खोटं कशाला बोलू?

मग तो लॉट आला. मार्चअखेर होती, सगळे धावपळीत. गाडीच्या कंपनीचा माणूस तपासायला आला, त्याने चारसहा फिल्टर कापून बघितले आणि अख्ख्या लॉटवर लाल चिठ्ठी लावून गेला. फिल्टरच्या आत एक रबरी पडदा असतो. गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून तो ते अडवून धरतो. या लॉटचं रबर कडक झालं होतं. म्हणजे रात्रभरात ऑइल उतरणार आणि सकाळी पहिल्या सेकंदांना इंजिन कोरडं फिरणार. त्या फिल्टरवर अजून नाव छापलेलं नव्हतं. दोन दिवसांनी तेच ट्रे माझ्या टेबलावर आले, मार्केटचं नाव छापून.

सुपरवायझर माझ्या मुलीच्या वयाचा. "मावशी, मारा शिक्के. मार्केटला चालतंय."

मी म्हटलं, "अरे, पण रबराचं काय?"

"तुम्ही बाहेरून बघायचं, मावशी. आतलं आमच्यावर सोडा."

भांडता आलं असतं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. पण सलग अकरा दिवस जादा वेळ थांबले होते, पायाचे घोटे सुजले होते, आणि कंपनीची बस चुकली की एसटीने कात्रजला उतरून दुसरी बस बघा, नाहीतर कुणाच्या तरी पाया पडा. मारले शिक्के. सगळ्या लॉटवर मारले. मनाशी म्हटलं, माल देशभर जातो, आपल्या दारात कशाला येतोय.

आला ना. दोनअडीच महिन्यांनी यांनी ऑइल बदललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मी ओट्यापाशी डबे भरत होते तेव्हा खाली गाडी सुरू झाली. खडखडखड. दोन सेकंद, फार तर तीन. मग शांत. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. बाल्कनीत हे रिकाम्या डब्यांत नट-बोल्ट ठेवतात, तिथला नवा डबा उचलून बघितला. लॉट तोच. शिक्का माझा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. "अहो, तो फिल्टर काढा," चार शब्द. पण काढा म्हटलं की का काढा हे आलं, आणि ते आलं की सगळंच आलं. सव्वीस वर्षांत एका गोष्टीत माझा शब्द चालतो, तोही मीच पुसायचा? मी विचार केला, तीन महिन्यांनी ऑइल बदलतीलच, तेव्हा फिल्टर जाईल, आवाज जाईल, प्रश्न मिटेल. तोवर रोज सकाळी डबे भरता भरता ती खडखड ऐकायची. रविवारी गाडी उभी असे, तरी पावणेसहाला कान खालीच. फार थकवतं हो असं ऐकत राहणं. कारखान्यातल्या कामाने मी इतकी कधी दमले नाही.

तीन महिन्यांनी ऑइल बदललं. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत खडखड. यांनी मागच्या वेळी दुकानातून एकदम दोन डबे घेतले होते.

आता आवाज यांच्याही कानावर यायला लागला होता. दोन सेकंदांचे चार झाले होते. गॅरेजला नेली गाडी. त्या रात्री जेवताना म्हणाले, "मेकॅनिक म्हणतो, आधी फिल्टर बदलून बघू. मी म्हटलं, फिल्टरचं नाव काढू नका. माझ्या बायकोच्या हाताखालून जातो तो. तेवढं सोडून काय ते बघा."

मी आमटीचं भांडं पुढे सरकवलं.

"मग तो म्हणाला, तसं असेल तर इंजिन खोलावं लागेल. आठदहा दिवस गाडी उभी." भाताला हात न लावता बोलत होते. "आठ दिवसांत कंत्राटदार दुसरी गाडी लावणार. लावली की लावली, परत काढत नाही तो. विकूनच टाकावी म्हणतो. सोसायट्यांना वॉचमन लागतातच."

मग ते अगदी हळू म्हणाले, "माझंच चुकलं असणार. उन्हाळ्यात एकदा महाबळेश्वरची पार्टी नेली होती, घाटात एसी लावून. तेव्हाच तापवली मी. काळजी घेतो काळजी घेतो म्हणता म्हणता मीच वाट लावली."

हा माणूस रोज सकाळी गाडीखाली वाकून बघतो. टायरची हवा स्वतः मोजतो. पोरीला कधी मांडीवर घेतलं नसेल इतकं त्या गाडीला पुसतो. तो समोर बसून स्वतःला बोल लावत होता, आणि कारण माझ्या पोटात होतं. मग मात्र मला राहवलं नाही. सांगितलं. लाल चिठ्ठी, रबर, शिक्के, बाल्कनीतला डबा, सगळं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी राहिलेला भात संपवला. ताटात हात धुणारा माणूस त्या दिवशी बेसिनवर जाऊन हात धुऊन आला. दुसऱ्या दिवशी गाडीच्या कंपनीच्या नावाचा डबा आणून फिल्टर बदलून घेतला. त्यानंतरच्या सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, काही आवाज नाही. मी वर ओट्याला धरून उभी होते. बरं वाटायला हवं होतं.

कारखान्यात जाऊन मी सुपरवायझरला सांगितलं, लाल चिठ्ठी लागलेल्या मालावर यापुढे माझा शिक्का नाही. त्याने वाद घातला नाही. संध्याकाळच्या आत मला खोकी दुमडायच्या टेबलावर बसवलं, आणि माझ्या जागी एक नवी मुलगी बसवली.

तिसऱ्या दिवशी झोपायच्या आधी हे म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर ये. टपरीवर सांगावं लागेल. तिथल्या निम्म्या गाड्यांत तोच माल आहे."

"तुम्हीच सांगा ना."

"मी घ्यायला सांगितलं ते तुझ्या जिवावर. आता तूच सांग."

सकाळी सव्वासहाला पुलापाशी दहाबारा ड्रायव्हर चहा पीत उभे होते. सगळे मला ओळखत होते, मी बहुतेकांना पहिल्यांदाच बघत होते. "या वहिनी, या!" काय तो मान! कुणी तरी बाकडं पुसलं. मी बसले नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. डब्यावरचा लॉट कसा बघायचा ते सांगितलं. सकाळी सुरू करताना खडखड येत असेल तर इंजिन खोलू नका, आधी फिल्टर बदला, म्हटलं. आणि हेही सांगितलं की मला हे काही महिन्यांपासून माहीत होतं.

एक जण तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटला आणि गाडीकडे गेला. मग कोपऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. पांढरा शर्ट, दाढी दोन दिवसांची.

"माझं इंजिन गेल्या महिन्यात खोललं, वहिनी," ते म्हणाले. "काहीच सापडलं नाही. परत बसवून दिलं. मेकॅनिक विचारत होता फिल्टरचं. मीच म्हटलं, तो खात्रीचा आहे."

"ड्युटी?" मी विचारलं.

"गेली. आता मुलाच्या गाडीवर बदली म्हणून बसतो." त्यांनी ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. आवाजात राग नव्हता. "आधी सांगायचं ना, वहिनी."

मान वर होईना. हे इतका वेळ माझ्या मागे, गाडीला टेकून उभे होते. मला वाटलं होतं, ऐकू दे हिला, अशाच विचाराने उभे असतील. ते पुढे आले, माझ्या शेजारी थांबले आणि त्या गृहस्थांपुढे हात जोडले.

"आमच्याकडून चूक झाली, दादा," म्हणाले.

मी भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागले, पदर तोंडाला लावून. ते दादा गोंधळले. इकडे तिकडे बघितलं आणि टपरीवाल्याला म्हणाले, "अरे, वहिनींना चहा दे आधी." पैसेही त्यांनीच दिले. तो चहा मला पिववला नाही.