मॉनिटरवरच्या टिकल्या

सायबर कॅफेत नोकरी करते म्हटल्यावर गावातल्या लोकांना वाटायचं की मी कोणी मोठी कॉम्प्युटरवाली झाले. खरं तर मी मुरबाडच्या एस. टी. स्टँडासमोरच्या एका गाळ्यात बसून लोकांना आत सोडायचे, वेळ संपली की बाहेर काढायचे, आणि मधे कोणी "ताई, हे अडकलंय बघा" म्हणून ओरडलं की उठून बघायचे. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची ही गोष्ट. चार-पाच कॉम्प्युटर, मधे प्लायवूडच्या फळ्या, आणि प्रत्येक खणाला एक बुटकं दार. मला त्या कामाचा गर्व होता. गर्व कसला, माजच म्हणा.

घर आमचं धसईच्या पलीकडे. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, लग्न होऊन नवऱ्याबरोबर मस्कतला गेली आणि पुढच्याच वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे चर्चेला जागाच नसते. आईने डिंक, अळीव, बाळंतशोपा आणून ठेवल्या, माळ्यावरचा पाळणा उतरवून पुसला. आणि मग तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला विमानात बसायला मनाई केली. आईला तिकडे नेण्याचं काही जमेना. ताईची सासू कधीच वारलेली, नवरा दिवसभर कामावर. पाळणा परत माळ्यावर गेला आणि त्या दिवशी आई जेवली नाही.

फोन होता, पण तो ओटीवर बाबांच्या खाटेशेजारी. लाइन खरखरायची, त्यामुळे बोलायचं तर ओरडूनच. "बाईच्या अंगाच्या गोष्टी अशा वरडून बोलायच्या व्हय?" आई म्हणाली. मला सांग, मी लिहून पाठवते, असं मी म्हटलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच सोडला. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि लग्न न झालेल्या मुलीसमोर या गोष्टी काढायच्या नाहीत हा आईचा कायदा होता. मी कॉलेज केलेली, शाळेच्या पुस्तकात सगळ्या आकृत्या पाहिलेली. त्याने काडीचा फरक पडत नव्हता.

शेवटी आईनेच मार्ग काढला. "तुझ्या त्या दुकानात मी येते. मला शिकव. पण वाचायचं मी आन् लिवायचं मी."

आई चौथीपर्यंत शिकलेली. मराठी ती वाचायची, सावकाश, ओठ हलवत. इंग्रजी अक्षरांशी तिचा संबंध नव्हता. पण तेव्हा इंटरनेटवर एक पान मिळायचं, त्यावर मराठी अक्षरं मांडलेली असत. माउसने एकेक अक्षर दाबायचं, वरच्या चौकोनात शब्द होत जायचा. झालं की तिथून उचलायचं आणि मेलमध्ये नेऊन टाकायचं. म्हणजे पानं दोन, एक मेलचं आणि एक अक्षरांचं, आणि या पानावरून त्या पानावर सारखी ये-जा. मी ते तिला समजावू लागले तर ती म्हणाली, "मला जागा दाखव. बाकीचं मी बगते."

जागा दाखवायला मी टिकल्या वापरल्या. आंघोळीला जाताना कपाळावरची टिकली आरशाला चिकटवायची, ही आमच्या घरातल्या बायकांची रोजचीच सवय. मी तशा मॉनिटरच्या काचेवर चिकटवल्या. दोन विंडो एकीमागे एक उघडायच्या, मागची जराशी बाहेर डोकावेल अशा बेताने. मेलची कड जिथे डोकावायची तिथे पिवळी टिकली, अक्षरांच्या पानाची कड दिसायची तिथे हिरवी, आणि चुकून भलतीकडे गेलं तर मागे यायच्या बाणावर लाल. कोपऱ्यातला कॉम्प्युटर आईचा म्हणून ठरूनच गेला. गिऱ्हाइकं हसायची. एक जण म्हणाला, "ताई, याचं हळदीकुंकू कधी?" मी म्हटलं, तुमच्या लग्नात करू.

आठवड्यातून एकदा आई सकाळच्या गाडीने माझ्याबरोबर यायची, खणात शिरून दार लोटून घ्यायची. आतून माउसचा आवाज यायचा, टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्. चार ओळींना तासभर लागायचा. बाहेर आली की तिचा चेहरा असा असायचा की जणू ताईचे पाय चेपून उठली आहे. काय लिहिलंस, असं मी कधी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती.

ताईला नववा लागला आणि त्याच आठवड्यात मालकांच्या ओळखीतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन सगळ्या मशीनवर ब्राउझरचं नवं व्हर्जन टाकून गेला. मालक खूश. सोमवारी मी शटर उघडलं, पहिलं मशीन चालू केलं आणि मलाच काही ओळखू येईना. वरची शब्दांची पट्टी गायब. घराचं चित्र डावीकडून उठून उजवीकडे गेलेलं. पानं एकामागे एक उभी राहायच्याऐवजी एकाच विंडोत डोक्यावर शेजारी शेजारी टॅब होऊन बसलेली. सकाळभर गिऱ्हाइकं मला हाका मारत होती आणि मी आत्मविश्वासाने चुकीची बटणं दाबत होते. सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी मिठाचा डबा सापडत नाही म्हणतात, तसं ते वाटत असावं. मला सासरचा अनुभव नव्हता, पण राग मात्र भरपूर आला. चांगलं चाललेलं असताना या लोकांना हात लावायचा असतोच कशाला?

दोन दिवसांत माझा हात बसला, त्यामुळे आई आली तेव्हा मी निर्धास्त होते. "आज जरा वेगळं दिसेल," मी म्हटलं. "मी बसू का शेजारी?"

"दिसू दे. तू जा."

मी तिला दोन्ही पानं टॅबमध्ये उघडून दिली, कुठे दाबायचं ते बोटाने दाखवलं आणि काउंटरवर आले. त्या दिवशी ताईची मेल मोठी होती, कारण आई बराच वेळ नुसती वाचत होती. मग टक्, टक् सुरू झालं. ते इतका वेळ चाललं की मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दोनदा परत पाठवलं. आणि मग एकदम आतून आवाज आला, "गेलं."

मी धावत गेले. लिहिता लिहिता ताईने आणखी काय विचारलंय ते पुन्हा पाहावं म्हणून आईने सवयीने पिवळी टिकली दाबली होती. टिकली जागच्या जागी होती. तिच्याखाली मेलची कड नव्हती, टॅब बंद करायची फुली होती. अक्षरांचं पान लिहिलेल्यासकट बंद झालं होतं. परत आणायची काही युक्ती मला माहीत नव्हती.

"आई, आता सांग, मी भराभर लिहिते. बारा वाजता लोडशेडिंगची लाइट जाईल."

"तुला सांगायच्या गोष्टी नायत त्या."

"अगं पण ताई वाट बघत असेल!"

"म्हणून तर म्हनते. घाबरलीय ती," आई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला बाहेरच्या माणसांसमोर रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला त्या दुरुस्तीवाल्याचा, त्या फुलीचा आणि खरं सांगायचं तर आईच्या कायद्याचाही इतका राग आला की हातातला माउस आपटावासा वाटला. तेवढ्यात लाइट गेलीच.

परतीच्या गाडीत मी बेत सांगितला. मालकांच्या पाया पडते, एका मशीनवर जुनं व्हर्जन परत बसवून घेते. नाही जमलं तर टिकल्या नव्या जागी लावते. आई खिडकीबाहेर बघत होती. सरळगाव गेलं. मग म्हणाली, "नको. आज हितं हाय, उद्या तितं जाईल. जागेवर भरवसा ठेवला तितंच चुकलं माझं. गाय काय आपण दावणीवरून वळखतो? कुठं बी बांधली तरी तोंडावरून वळखतोच ना. मला तोंडं दाखव त्यांची."

घरी कॉम्प्युटर नव्हता. मी अंगणात, सारवलेल्या जमिनीवर, रांगोळीने भलामोठा स्क्रीन काढला. वर टॅब, टॅबच्या टोकाला फुली, बाजूला जपून ठेवलेल्या पानांची चांदणी, दोन हिरवे बाण, घर. ज्या टॅबवर पाकीट काढलं तो मेलचा, ज्यावर 'अ' काढला तो अक्षरांचा. आई काठी घेऊन उभी राहायची, मी म्हणायचे "मेल", की तिने काठी टेकवायची. एकदा जमलं की मी ते पुसून सगळं उलटसुलट काढायचे, घर डावीकडे, टॅब खाली, फुली भलत्याच टोकाला. "पुन्हा हलवलंस व्हय गो," म्हणत ती शोधायची. सकाळी एक खेळ, संध्याकाळी एक.

शेजारची काकू कुंपणाशी येऊन म्हणाली, "कसली पूजा मांडलीय?" बाबा गोठ्याकडे जाताना सरळ स्क्रीनवरून चालत गेले तेव्हा आईने त्यांना काठी दाखवली. "पान तुडवू नका. मेल हाय तितं." बाबा दुसऱ्या दिवसापासून वळसा घालून जाऊ लागले. मला हसू येत होतं आणि घोरही लागला होता, कारण ताईचे दिवस भरत आले होते आणि तिच्या मेलला उत्तर गेलेलं नव्हतं. फोनवर तिने बाबांशी बोलताना नुसतं "आईला सांगा, वाट बघते" एवढंच म्हटलं होतं.

आईने आठवडा पुरा होऊ दिला नाही. चौथ्या दिवशीच "चल" म्हणाली.

कोपऱ्यातल्या मॉनिटरवरच्या टिकल्या मी नखाने खरवडून काढल्या. आई बसली. या वेळी मी पानं उघडून दिली नाहीत, तिने देऊ दिली नाहीत. तिने चांदणी शोधली. तिच्यातून मेल उघडली. नवा टॅब उघडताना तिचा हात जरा थांबला, माउस इकडेतिकडे फिरला, आणि मग टक्. अक्षरांचं पान आलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं नाही, नुसतं हाताने दार लोटलं. मी दाराबाहेर उभी राहून गालातल्या गालात हसत होते.

त्या दिवशी तिने सगळी सकाळ घेतली. एक कॉलेजवाला रांगेत चुळबुळ करत म्हणाला, "आतल्या मावशी काय पुस्तक लिहितायत का?" मी म्हटलं, हो, तुला घाई असेल तर शहापूरला जा. आत माउसचा आवाज न थांबता चालू होता. मधेच तो थांबला की मी दाराकडे बघायचे, कारण मेल बघून परत अक्षरांकडे यायची वेळ असायची. पुन्हा टक् आलं की मी गिऱ्हाइकाकडे वळायचे. बारा वाजायला थोडा अवकाश असताना दार उघडलं.

"गेली," आई म्हणाली.

"गेली म्हणजे?"

"मस्कतला गेली. पाठवली." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून ती पहिल्यांदा हसली. मला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी तिला समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

पुढच्याच आठवड्यात जावयाचा फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, ताईने मेल पाठवलीय. बाबांनी तीच बातमी ओटीवरून गावभर ओरडून सांगितली. आईने मात्र देवापुढे साखर ठेवली आणि लगेच लुगडं बदललं. फोनवरच्या बातमीवर तिचं भागणार नव्हतं.

ती कॅफेत शिरली. सरळ आपल्या खणात. दार लोटायला मात्र विसरली, म्हणून मला सगळं दिसलं. एका टॅबमध्ये ताईची मेल, दुसऱ्यात दुपट्यात गुंडाळलेल्या नातीचा फोटो. आई मेलच्या दोन ओळी वाचायची, मग फोटोवर जायची, परत मेलवर. बोटं अशी चालत होती की ते नवं व्हर्जन तिच्यासाठीच काढलं असावं. फोटोतलं ते लालबुंद तोंड माझ्या ताईसारखं अजिबात दिसत नव्हतं, पण आई म्हणाली, हुबेहूब.

मग ती ओठ हलवत वाचता वाचता मोठ्याने वाचू लागली. बहुतेक तिचं तिलाही कळलं नसावं. "आई, कळा सुरू झाल्यावर तू लिहिलेलं सगळं आठवलं. तू सांगितलंस तसंच केलं. मला भीती वाटली नाही." एकेक अक्षर सुटं करत वाचलेलं ते वाक्य प्लायवूडच्या सगळ्या फळ्यांपलीकडे गेलं. बाकीचे माउस थांबले.

शेजारच्या खणातल्या माणसाने मान वर काढून विचारलं, "काय झालं, मावशी?"

आई उठून उभी राहिली. पदर नीट केला.

"लेक बाळंत झाली माझी," ती म्हणाली. "मस्कतला. पयलं बाळंतपण हाय, मीच केलं. हितं बसून केलं."