वाचवण्याचा क्रम

देवासच्या आमच्या मराठी वाचनालयात संगणकाचं कुठलंही काम निघालं की ते माझ्याकडे येतं, कारण मी शाळेत तोच विषय शिकवते. माझं सगळं शिक्षण हिंदीतून झालं. घरात मराठी बोलते, वाचताना मात्र अजून अडखळते.

मागच्या गल्लीतलं एक दुकान जळालं तेव्हा आमचे अध्यक्ष घाबरले. ते निवृत्त इंजिनिअर आहेत. म्हणाले, "आपल्याकडे जुने कागद आहेत आणि खर्च करायला काही नाही. नेटवर फुकट काही मिळतं का बघ."

मिळालं. ग्रंथालयांना आपत्तीचा आराखडा करून देणारं एक संकेतस्थळ होतं. ते एकेक प्रश्न विचारायचं आणि आपण उत्तर भरत जायचं. विजेचा मेन स्विच कुठे आहे, किल्ल्या कुणाकडे असतात, ओली पुस्तकं कुठे वाळवणार. सोबत पानांचे फोटो साठवायला फुकटची ऑनलाइन जागाही घेतली. सगळं सोपं होतं. एका प्रश्नावर मात्र आम्ही अडलो: आधी काय बाहेर काढाल आणि शेवटी काय?

त्या बैठकीला धारच्या काकू आल्या होत्या. माझ्या आईच्या मैत्रीण, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या तरुणपणी धारमध्ये बायकांचं एक नाट्यमंडळ होतं. नाटकं त्या बायका स्वतःच लिहायच्या, पुरुषांच्या भूमिकाही स्वतःच करायच्या. एका नाटकात मामलेदार शुद्ध मराठी बोलायचा आणि दूधवाली इथल्या माळवी बोलीतून त्याला उत्तरं द्यायची. यातलं काहीच कधी छापलं गेलं नाही. शाईने लिहिलेल्या त्या प्रती काकूंनी आमच्या वाचनालयाला दिल्या होत्या.

मोडी कागदांची बाडं पहिली, जुन्या मासिकांचे बांधीव खंड दुसरे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी नाटकांचा विषय काढला. कुणी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "अगं, ती आमची हौस. ते शेवटी ठेव. आधी बाडं काढा."

मासिकं दुसऱ्या वाचनालयांतही असतील, ही नाटकं आणखी कुठेच नव्हती. हे मला माहीत होतं. पण अध्यक्षांशी वाद घालायचा मला कंटाळा आला होता, आणि काकूंनी आपणहून माघार घेतल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. मी शेवटच्या रकान्यात नाटकं टाइप केली. फोटो काढायचं कामही त्याच क्रमाने सुरू केलं; नाटकांची पाळी आलीच नाही.

उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या कोचिंग क्लासची पाण्याची टाकी फुटली. शेजारच्या टेलरने फोन केला, तेव्हा अध्यक्ष आणि मी धावत गेलो. आराखड्याचा कागद दाराला आतून चिकटवलेला होता. मेन स्विच बंद केला, प्लास्टिक पसरलं, बाडं बाहेर नेली. मग मासिकांचे जाड खंड. छताच्या कोपऱ्यातून पाण्याची धार थेट नाटकांच्या कपाटावर पडत होती. खंड उचलता उचलता मला ती दिसत होती.

"आधी ते घेऊ का?" मी विचारलं.

"क्रमाने जा," अध्यक्ष म्हणाले. "क्रम मोडला की गोंधळ होतो."

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी क्रमाने गेले.

कपाटापाशी पोचले तेव्हा प्रती भिजून फुगल्या होत्या. ओले कागद लगेच गोठवले तर बुरशी धरत नाही, हेही आराखड्यातच होतं. मी कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्याकडे गेले. "भिया, थोडी जगह चाहिए, किताबें रखनी हैं." त्याने काही न विचारता एक डीप फ्रीजर रिकामा करून दिला. बुरशी आली नाही. पण शाई आधीच वाहून गेली होती. पानं फिकट निळी झाली होती, त्यांवर अक्षर असं उरलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं, शाल-श्रीफळ दिलं. मोडी बाडातला एकही कागद भिजला नव्हता. इंदूरच्या एका वाचनालयाने आमचा आराखडा मागून घेतला. मी हात जोडून शाल घेतली.

त्यानंतर मी बसने धारला गेले. काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

"काकू, नाटकं गेली," मी म्हटलं.

"सगळी?"

"सगळीच."

त्या निवडत राहिल्या. "मीच म्हणाले होते ना शेवटी ठेव म्हणून."

"मी ऐकायला नको होतं."

"मग का ऐकलंस?"

हा प्रश्न त्या विचारतील असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "सोपं होतं म्हणून."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मीही लाजेपोटी म्हणाले. मंडळातल्या बाकीच्या बायका असत्या तर त्यांनी तुला सोडलं नसतं, आणि मलाही."

त्या नाटकात काकू मामलेदाराचं काम करायच्या. मी फोन रेकॉर्डिंगला लावला तेव्हा त्यांनी पाठ ताठ केली, आवाज जाड केला आणि बोलू लागल्या. चार वाक्यं झाली की थांबायच्या. "इथे दूधवाली काहीतरी बोलायची. लोक खूप हसायचे. काय ते, नाही आठवत." मग पुढचं वाक्य.

दूधवाली झालेल्या बाई आता धामनोदला मुलाकडे असतात. आम्ही दोघी तिथेही गेलो. त्यांना काकूंची ओळख पटली, त्यांनी हात घट्ट धरून ठेवला, एका गाण्याची चालही म्हटली. संवाद एकही आठवला नाही.

मामलेदाराची वाक्यं मी टाइप केली, मधल्या जागा मोकळ्या सोडल्या आणि कागद काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"हे आमचं नाटक नव्हे गं," त्या म्हणाल्या. "पण ठेव."

मी ते ठेवलं आहे, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. एवढं केल्यावर तरी मला जरा बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.