आज पाह्यलं नाही

सत्तारभाई गेल्याची बातमी मला त्यांनीच काढलेल्या मोबाईलवरच्या ग्रुपवर कळली. सकाळी उघडून पाहिलं तर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागलेली, आणि तिच्या मधोमध माझा चुलतभाऊ विलास याने आपल्या कपाशीतल्या सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा आकडा नेहमीसारखा टाकलेला. दोन. काल दोन, परवाही दोनच. मला रडू आलं आणि विलासचा संतापही आला.

राळेगावात भाईंचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि त्यांचं वावर माझ्या, म्हणजे शाळामास्तराच्या, वावराला लागून. एका वर्षी गुलाबी बोंडअळीने आमची झोप उडवली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. पुढच्या हंगामात भाईंनी आसपासच्या गावांतले शेतकरी या ग्रुपवर जमवले. ज्याने त्याने कपाशीत बोंडअळीच्या पतंगांना मादीच्या वासाने ओढणारा कामगंध सापळा टांगायचा, सकाळी त्यात किती पतंग अडकले ते मोजून ग्रुपवर टाकायचं. एकाकडे सात-आठाच्या वर गेले की धोका ओळखून बाकीचे सावध होणार. नियम एकच, अंदाज टाकायचा नाही. जो वावरात गेला नाही त्याने ‘आज पाह्यलं नाही’ असं सरळ लिहायचं. स्वतःच्या मुलीच्या लग्नादिवशीही भाईंनी तेच लिहिलं होतं. ग्रुपवर गुलाबाची फुलं टाकणाऱ्याला मात्र ते तडकाफडकी काढून टाकत आणि दुपारी फोन करून परत घेत, वर चहाला बोलावत.

सुरुवातीला लोक ‘पाह्यलं नाही’ लिहून पुढे कारणं देत. कोणाला ताप, कोणी सासुरवाडीला. ते ओशाळणं मला फार आवडायचं, कारण त्यामुळेच बाकीच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता यायचा. पुढे ग्रुप वाढला, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले लोक आले आणि अंथरुणातूनच आकडे येऊ लागले. गेल्या वर्षी वादळात विलासचा सापळा धुऱ्यावर, बांधाच्या चिखलात पडला, तरी त्याचे दोन पतंग रोज ग्रुपवर हजर. त्या दोनवर विसंबून शेजारच्या कमलाबाईंनी फवारणी लांबवली आणि त्यांची निम्मी कपाशी किडली. कोणीतरी पडलेल्या सापळ्याचा फोटो टाकला. विलासने खाली हसरा चेहरा पाठवला. त्याच्यामागोमाग आणखी पाच-सहा जण हसले.

भाई माझ्या धुऱ्यावर येऊन बसले. 

“खोटं लिहिलं त्याचं मले काही नाही, मास्तर. माणूस चुकते. पण तो हासला, अन् बाकीचे बी हासले. आता खरं लिहिणाऱ्यालेच लाज वाटन.”

मी म्हटलं, बंद करून टाका तो ग्रुप.

“बंद कायले? मी लिहीन ना रोज.”

आणि ते लिहीत राहिले. यंदा भर हंगामात छातीच्या दुखण्याने त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं, तर तिथूनही रोज सकाळी ‘आज पाह्यलं नाही’. मी चिडवलं, की भाई, तुम्ही खाटेवर आहात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, असू दे ठाऊक. मला हा हट्ट तेव्हा गमतीचा वाटला होता. आज मी ठामपणे सांगतो, आमचा ग्रुप त्या तीन शब्दांवरच उभा होता.

परवा त्यांचा चाळिसावा झाला. त्यांच्या कपाशीतला सापळा भाभींनी काढू दिला नाही, अजून काठीला तसाच टांगलेला आहे. काल सकाळी मी चहा घेत असताना मोबाईल वाजला. विलास होता. नेहमीचे दोन असणार म्हणून मी पाहणारही नव्हतो...

‘आज माहा सापळा पाह्यला नाही. भाईच्या वावरात गेलतो. त्याईच्या सापळ्यात नऊ हायेत.’

कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने कमलाबाईंचा मेसेज आला, की मी आत्ता माझा सापळा पाहायला निघते. मी चहा तसाच ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि वावराकडे निघालो.