उपरण्याखालचं दुखणं

लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा एक गोष्ट लगेच कळली: मामंजी आकडा तोंडानं सांगत नाहीत. ते हळदीचे अडते. सौद्यात उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. भाकऱ्या किती वाढू विचारलं तरी "बघा" म्हणत.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास त्यांच्या पोटात गाठ झाली. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, आणि कापण्यात अर्थ नाही असंही. प्रश्न उरला दुखण्याचा. मॉर्फियाची सुई द्यायची, की तेच औषध पाण्यातून दिवसभर थोडं थोडं? सुईनं ते झोपून राहत, आणि संध्याकाळी पेठेतली मंडळी बाजाराच्या बातम्या घेऊन येत तेव्हा त्यांना जागं राहायचं असे. पाण्यातून द्यायचं तर किती, हे दुखण्यावरून ठरणार, आणि किती दुखतं विचारलं की मामंजी पलंगाची पट्टी घट्ट धरून म्हणत, "बरं हाय."

त्यातच साताऱ्याहून माझे चुलते समाचाराला आले. निवृत्त मामलेदार, सरकारकडून रावसाहेब हा किताब मिळालेले. कुठंही बसले तरी तो किताब शेजारी बसवत.

"शेवटी अफूच ती," ते डॉक्टरांना म्हणाले. "सवय लागेल. माणसानं सोसावं."

स्वतःची दाढ दुखली तेव्हा त्यांनी अख्खी आळी जागवली होती, हे मी बोलले नाही.

"लागू द्या की, रावसाहेब," मामंजी म्हणाले. "सोडवायची वेळ येईस्तोवर मी कुठं ऱ्हातोय?"

मग त्यांनी उपरणं डॉक्टरांच्या हातावर टाकलं. डॉक्टर पेठेतच वाढलेले. उपरण्याखाली काही हललं आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"किती दुखतं म्हणाले?" रावसाहेबांनी विचारलं.

"दुसऱ्याच्या सौद्यात विचारत नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि पाण्यातलं औषध लिहून दिलं.

त्यानंतर रोज सौदा. डॉक्टर औषध वाढवत, मामंजी बोटं कमी करत. एकदा औषध जरा जास्तच झालं.

"सूनबाई, मंडळी आली नि मी घोरत व्हतो," ते चिडून म्हणाले. "गुळाचा भाव ऐकायचा ऱ्हायला."

डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवली. ती मग जमली.

रावसाहेब निघाले त्या दिवशी पुन्हा उपरण्याखाली हात गेले. या वेळी डॉक्टर हसले.

"आज तरी कळू द्या, किती?" रावसाहेबांना राहवेना.

"बाजार बंद," मामंजी म्हणाले आणि उशाला टेकून बसत मला चहा टाकायला सांगितला. पेठेतली मंडळी यायची वेळ झाली होती.